नोकरीचा शोध आणि पाण्याचा ताळेबंद

बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांतून दरवर्षी जे तरुण-तरुणी पदवी घेऊन बाहेर पडतात त्यांच्यापुढे उभा राहणारा पहिला प्रश्न चरितार्थाचा असतो, आणि त्याचे उत्तर शोधण्याची रीतही बहुधा आधीच ठरलेली असते. पहाटे उठून पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावावे, दिवसभर अभ्यासिकेत बसून चालू घडामोडी पाठ कराव्यात, घरची ऐपत असेल तर पुण्याच्या सदाशिव पेठेत एखादी कॉट भाड्याने घ्यावी, आणि जाहिरात निघाली की शुल्क भरून अर्ज करावा, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. २०२३ साली महसूल खात्याने तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात काढली तेव्हा राज्यभरातून दहा लाखांहून अधिक अर्ज दाखल झाले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. याच तरुणांच्या मनात अलीकडे आणखी एक विचार मूळ धरू लागला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पदवीच्या अभ्यासक्रमात पर्यावरणाचा विषय सक्तीचा झाला त्यातून म्हणा, किंवा लागोपाठच्या दुष्काळांनी आणि अवकाळी गारपिटीने शिकविले म्हणून म्हणा, आपल्या राहणीचा निसर्गावर कमीत कमी भार पडावा असे मनापासून वाटणारा पदवीधर आता गावोगाव भेटतो. नोकरी हा पोटाचा प्रश्न आणि हिरवी राहणी हा फावल्या वेळचा सद्हेतू, अशी त्याने या दोहोंची वाटणी करून ठेवलेली असते. बीडच्या भूमीची ज्याला थोडीबहुत ओळख आहे त्याला ही वाटणी मान्य करता येणार नाही; कारण या जिल्ह्यात पोटाचा प्रश्न मुळातच पाण्याचा, मातीचा आणि विजेचा प्रश्न आहे, आणि या तिहींची निगा राखण्याचे काम जितके पडून राहिले आहे तितके दुसरे कोणतेही नाही.

सरकारी नोकरीच्या ध्यासाला आळसाचे लक्षण मानणारे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. तेथील चाकरी १९१९ च्या फर्मानाने मुल्की रयतेसाठी, म्हणजे संस्थानात जन्मलेल्या किंवा पंधरा वर्षे वास्तव्य केलेल्या इसमांसाठी, राखून ठेवली होती खरी. परंतु दफ्तर उर्दूत, उच्च शिक्षण उर्दूत आणि शाळा विरळ, अशा त्या कारभारात मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या मुलाला कचेरीचा उंबरठा दूरच राहिला. संस्थान गेले, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, तरी जिल्ह्यात मोठी कारखानदारी रुजली नाही, आणि अहिल्यानगर-बीड-परळी लोहमार्गाला १९९५ साली मंजुरी मिळूनही अहिल्यानगरहून बीड शहरापर्यंत आगगाडी सुरू होण्यास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. ज्या घरात उत्पन्नाचे प्रत्येक साधन पावसावर अवलंबून आहे त्या घराला, पाऊस न पडलेल्या वर्षीही महिनाअखेर हाती येणारा पगार हाच खरा आधार वाटला, तर त्यात नवल ते कोणते? ऊसतोडीच्या घरांची स्थिती तर याहूनही बिकट. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील तालुक्यांतून लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, फडाशेजारी पालात संसार मांडला जातो, आणि उचल फिटेपर्यंत पाच-सहा महिने ऊस तोडला जातो. या मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ साली उघडकीस आले तेव्हा राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या हातचा कोयता मुलाच्या हाती जाऊ नये एवढ्यासाठी ज्या आईबापांनी त्याला शिकविले, त्यांना कायम नोकरीचे मोल काय वाटते हे शहरातील टीकाकाराने एकवार समजून घ्यावे. आता तर ऊस तोडणारी यंत्रेही फडात उतरली आहेत, आणि ज्या कष्टाला आधीच पुरता मोबदला नव्हता तो कष्टही पुढील पिढीला मिळेल याची शाश्वती राहिलेली नाही.

अशा जिल्ह्यात हिरवे काम म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी पाण्याचा हिशेब मांडून पाहणे आवश्यक आहे, आणि तो मांडण्यास शालेय अंकगणित पुरते. बीड सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. येथे वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक हजार हेक्टरांचे एखादे गाव घेतले आणि सावधपणे सहाशे मिलीमीटर पाऊस धरला, तर त्या शिवारावर वर्षाकाठी सहाशे कोटी लिटर पाणी पडते. संख्या डोळे दिपविणारी आहे. परंतु त्यातील पुष्कळसे उन्हाने उडून जाते, पिके पितात, ओढ्यानाल्यांनी वाहून जाते, आणि खाली काळ्या पाषाणाचा थर असल्यामुळे भूगर्भात मुरते ते थोडेच. भूजलाच्या शासकीय मापनपद्धतीत दख्खनच्या खडकासाठी पावसाच्या सुमारे सात ते तेरा टक्के पाणी मुरते असे धरतात. दहा टक्के धरू. विहिरी आणि बोअर यांच्या वाट्याला साठ कोटी लिटर आले. जलजीवन मिशनच्या दरमाणशी दररोज ५५ लिटर या प्रमाणाने दोन हजार वस्तीच्या गावाला वर्षभर पिण्यावापरण्यास चार कोटी लिटर लागतात. आणि उसाला? आपल्याकडील उसाच्या पिकाला, विशेषतः पाटाने पाणी दिल्यास, हेक्टरी दोन कोटी लिटरच्या घरात पाणी लागते. पावसाचे थेट मिळणारे वजा केले तरी दीड कोटी उरते. म्हणजे हजार हेक्टरांपैकी केवळ चाळीस हेक्टरांवर ऊस उभा राहिला की गावाचे सारे मुरलेले पाणी संपले. आणि साऱ्या गावाला पिण्यावापरण्यास जेवढे पाणी लागते तेवढे तीन हेक्टर उसाला अपुरे पडते. या हिशेबात ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्याचा माझा हेतू मुळीच नाही, कारण ज्या पिकाला ठरलेला भाव आणि ठरलेले गिऱ्हाईक आहे तेच तो घेणार. परंतु हा हिशेब गावाच्या नजरेसमोर मांडलेला असणे ही पहिली गरज आहे, आणि तो मांडणारा माणूस गावात नसतो. राज्याच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात २०१८ पासून निवडक गावांचा असा पाण्याचा ताळेबंद तयार होऊ लागला, बीड जिल्हाही त्यात आला, आणि त्या निमित्ताने कृषी पदवीधरांना समूह सहायक म्हणून कंत्राटी कामही मिळाले. जे काम प्रकल्पाच्या मुदतीपुरते आणि निवडक गावांपुरते झाले ते प्रत्येक गावी आणि कायमचे का असू नये, हा प्रश्न जिल्ह्याने सरकारदरबारी आग्रहाने विचारला पाहिजे.

हा हिशेब न ठेवल्याचे परिणाम जिल्ह्याने पाहिले आहेत. पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या मांजरा नदीवर केज तालुक्यात धनेगावला धरण आहे. ते कोरडे पडल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या मानाने बीड शहराजवळची खजाना बावडी पाहावी. अहमदनगरच्या निजामशाहीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ती बांधली गेली, आणि भूमिगत कालव्यांनी तिचे पाणी कोणत्याही यंत्राशिवाय केवळ उताराच्या बळावर शेतांना पोहोचविले गेले. भूमीचा कल, झऱ्यांची दिशा आणि पाण्याची पातळी यांचे इतके सूक्ष्म ज्ञान असणारे कारागीर या मातीत होते, आणि त्या ज्ञानाला त्या काळी राजाश्रय व वेतन मिळत होते, ही गोष्ट आजच्या स्थापत्य पदविकाधारकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

विजेचा प्रश्नही येथे पाण्यापाशीच येऊन थांबतो. परळी वैजनाथचे औष्णिक विद्युत केंद्र १९७१ पासून जिल्ह्यातील रोजगाराचा एक मोठा आधार राहिले आहे. कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची, त्या वाफेने जनित्र फिरवावयाचे, आणि वाफेचे पुन्हा पाणी करण्यासाठी उंच मनोऱ्यांतून थंड पाणी खेळवावयाचे, ही त्याची रीत. त्या मनोऱ्यांतून पाण्याचा मोठा अंश आकाशात उडून जातो. डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय नियमाने जुन्या केंद्रांना एका मेगावॅट-तासामागे साडेतीन घनमीटर पाण्याची कमाल मर्यादा घालून दिली. घरगुती हिशेबात सांगायचे तर एका युनिटमागे साडेतीन लिटर. पाणी नाही म्हणून हे केंद्र २०१३ च्या दुष्काळात बंद पडले आणि जुलै २०१५ मध्ये पुन्हा बंद पडले, आणि त्यावर पोट असलेल्या कंत्राटी कामगारांना घरी बसावे लागले. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्के असते. ती राख परळीच्या आसपासच्या गावांच्या श्वासात गेली, आणि तिच्याच विटाही झाल्या. राखेच्या विटेने शेतातील वरच्या थराची माती वाचते हे खरे, म्हणून तो धंदा टिकावा. परंतु राखेची वाहतूक झाकून आणि ओली करून झाली पाहिजे, याबद्दल तडजोड असू नये.

बीडच्या आकाशात ऊन मुबलक आहे. एक किलोवॅटचा सौर संच दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतो आणि त्याला सुमारे शंभर चौरस फूट छप्पर लागते. असा संच लहान कुटुंबाची गरज भागवून वर्षाला कोळशाच्या विजेतील सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड आणि पाच हजार लिटर पाणी वाचवितो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत अशा संचाला तीस हजार रुपये, दोन किलोवॅटला साठ हजार आणि तीन वा अधिक किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान मिळते. मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत शेतकऱ्याने किमतीचा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के हिस्सा भरला की पंप मिळतो. हे संच बसविणारा, त्यांच्यावरची धूळ आणि वादळाने निखळलेले सांधे पाहणारा, बिघडलेला कंट्रोलर उघडून दोष सांगणारा माणूस तालुक्याच्या गावी तरी असावा की नाही? आयटीआय किंवा पदविका झालेल्या तरुणांसाठी सूर्यमित्र नावाचा सहाशे तासांचा अभ्यासक्रम २०१५ पासून केंद्र सरकारने चालविला तो याच हेतूने. माझ्या मते विज्ञान शाखेच्या पदवीधरानेही हे शिक्षण कमी प्रतीचे मानू नये. एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे: सौर पंपाला वीजबिल नाही, त्यामुळे उपसा करण्यास कोणतीही आर्थिक मर्यादा उरत नाही, आणि वर मांडलेला पाण्याचा ताळेबंद नसेल तर हीच स्वच्छ वीज विहिरी अधिक वेगाने कोरड्या करील. पवनचक्क्यांचा विषय याहून दुःखद आहे. बालाघाटच्या पठारावर त्या फिरू लागल्या तेव्हा तरुणांना कामाची आशा वाटली; परंतु ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांचा निर्घृण खून झाला आणि त्याच्या तपासात पवनऊर्जा कंपनीकडे खंडणी मागितल्याचे प्रकरण पुढे आले. जेथे उद्योगाला आणि कामगाराला कायद्याचे अभय नाही तेथे कोणतीही ऊर्जा रोजगार देऊ शकणार नाही, हे शासनाने ओळखले पाहिजे.

रोजगार आणि भूमीची सेवा यांची सांगड घालण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. किंबहुना ती देशाला महाराष्ट्रानेच दिली. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या भीषण दुष्काळात राज्यभर विस्तारली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती आणि रस्ते ही कामे दुष्काळी जिल्ह्यांत तिने उभी केली. तिच्या खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने राज्यात व्यवसाय कर बसविला, आणि मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून तो आजही कापला जातो. शहरातील पगाराने खेड्यातील मातीचे ऋण फेडावे, असा न्याय त्या रचनेत होता. तिच्याइतका उदात्त महसुली विचार आपल्या राज्याने फारसा केलेला नाही असे मला वाटते. उणीव एवढीच राहिली की हमी दिली गेली ती अंगमेहनतीला. कुदळ-फावडे धरण्यास तयार असलेल्या माणसाला काम मागण्याचा हक्क मिळाला. पाणलोटाचा नकाशा काढू शकणाऱ्या त्याच्या शिकलेल्या मुलाला तसा हक्क मिळाला नाही. अंबाजोगाईत द्वारकादास लोहिया यांनी स्थापिलेल्या मानवलोक संस्थेने पाणलोटाची कामे केली, २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी निवडलेल्या तीन तालुक्यांत अंबाजोगाई होता, आणि शेकडो तरुणांनी समपातळी चर कसे आखावेत हे हायड्रोमार्कर हे पातळी मोजण्याचे साधन धरून शिकून घेतले. स्पर्धा संपल्यावर ते कौशल्य बहुतांशी वाया गेले, कारण त्याला पद नव्हते. पालवणच्या डोंगरावरील सह्याद्री देवराईत फेब्रुवारी २०२० मध्ये वडाच्या झाडाला अध्यक्ष करून वृक्षसंमेलन भरले. त्या उत्साहालाही तीन उन्हाळे रोप जगविणाऱ्या पगारी हातांची जोड लागते.

या सर्व मार्गांत मला सर्वांत आश्वासक वाटतो तो रेशीम शेतीचा, आणि म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने. तुतीचे झाड एकदा लावले की दहा-बारा वर्षे पाला देते आणि उसाहून पुष्कळ कमी पाण्यावर जगते. अंडीपुंजातून निघालेल्या अळ्यांची पहिली नाजूक अवस्था चॉकी केंद्रात सांभाळली जाते, मग त्या शेतकऱ्याच्या संगोपनगृहात येतात, एकूण चार वेळा कात टाकतात, चोवीस ते सत्तावीस दिवसांत पूर्ण वाढतात आणि चंद्रिका नावाच्या चौकटीवर चढून कोष विणतात. एका उत्तम कोषातून हजार मीटरच्या आसपास अखंड धागा निघतो. वर्षातून चार-पाच पिके घेता येतात, त्यामुळे पैसा एकदम न येता टप्प्याटप्प्याने हाती येतो, आणि घराला पगारासारखा आधार होतो. संगोपनगृहातील उष्णता पंचवीस अंशांच्या आसपास, आर्द्रता पुरेशी आणि स्वच्छता काटेकोर ठेवावी लागते; थोडा हलगर्जीपणा झाला की रोग पसरून सारे पीक जाते. त्यामुळे तापमानाची नोंदवही ठेवणारा, निर्जंतुकीकरणाचे कारण समजणारा शिकलेला माणूस या धंद्यात निश्चित सरस ठरतो. आणखी एक गुण असा की अळीला कीटकनाशक सोसत नाही. तुतीच्या शेजारी विषारी फवारणी झाली तरी पीक दगावते, म्हणून हा शेतकरी आपोआप फवारणी टाळू लागतो आणि शेजाऱ्यालाही टाळावयास लावतो. तुतीच्या लागवडीला रोजगार हमीतून मजुरी मिळते. पूर्वी येथील कोष विकण्यासाठी कर्नाटकात रामनगरला जावे लागे. आता बीडच्या बाजार समितीत कोषांची खरेदी होते, आणि कोष उत्पादनात बीड हा राज्यातील अग्रगण्य जिल्ह्यांपैकी एक झाला आहे. ज्या घरातले आईबाप फडावर जात होते त्यांना वर्षभर आपल्याच दारात ठेवू शकणारा याहून चांगला धंदा मला दिसत नाही.

घरगुती राहणीविषयी थोडक्यात. बीडमध्ये मोरीचे पाणी परसातल्या शेवग्याला आणि कढीपत्त्याला सोडणे, उरलेले शोषखड्ड्यात मुरविणे, कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या बांधावर न जाळता खतात कुजविणे, उसाचे पाचट पेटविण्याऐवजी सरीत आच्छादन म्हणून ठेवणे, पंपाला आणि घराला गरजेपुरतीच वीज वापरणे, यांत नवे असे काहीच नाही. आजीच्या पिढीने यातील बरेचसे केले. बाजारात हिरव्या म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या वस्तू घेण्यापेक्षा पदवीधराने ही कामे आपल्या घरी अंक मांडून करावीत: किती बादल्या वाचल्या, वीजबिल किती उतरले, खताचे किती पोते कमी आणावे लागले. असा अंकांनिशी लिहिलेला एका वर्षाचा अनुभव मुलाखतीत कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलतो.

२०२४ साली राज्याने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन देण्यात आले. जिल्हा परिषदेला माझी विनंती अशी की, अशा उमेदवारांना कचेरीत आवक-जावक लिहिण्यास न बसविता प्रत्येकाकडे एका गावाचा पाण्याचा ताळेबंद सोपवावा, आणि मुदत संपल्यावर त्या पदाला कायम मंजुरी देण्याची तजवीज करावी. महाविद्यालयांनी पर्यावरण विषयाचा प्रकल्प पुस्तकातून उतरवून घेण्याचे बंद करून विद्यार्थ्यांना आपापल्या शिवारात पाठवावे. आणि अर्जांच्या निकालाची वाट पाहणाऱ्या पदवीधराने तोवर चार गोष्टी मिळवाव्यात: आपल्या महसूल मंडळातील पर्जन्यमापकाच्या दहा वर्षांच्या नोंदी, ई-पीक पाहणीतील ऊस आणि इतर पिकांचे क्षेत्र, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरीची पाणीपातळी, आणि गावातील कृषिपंपांची संख्या. सहज मिळाल्या तर उत्तमच; न मिळाल्या तर माहितीचा अधिकार आहे, आणि त्याच्या अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते.